बादलीतली नीळ

प्रिय धाकटे,

त्या सकाळी मी बादलीत नीळ सोडत होते आणि हे दारातून म्हणाले, "आता ती परत गोळा करून दाखव बरं!" मी हसले. संध्याकाळी हे या जगात नव्हते. त्यांचा तो अंगावरचा सदरा मी इथेही न धुताच आणला होता. ओरडू नकोस.

लेकीकडे माझं बरं चाललंय, काळजी नको. तुझी पाठ कशी आहे? लेक गणिताने सिद्ध करतेय की सुट्या कणांच्या टकरींतून अख्ख्या पाण्याचा सलग प्रवाह कसा होतो. परवा मी तिला निळीचं विचारलं.

"आई, एकेका कणाला उलट जायला कुठलाच नियम आडवा येत नाही."

"मग नीळ परत का येत नाही?"

"कण मोजायला बसलीस तर दूध उतू जाईल! इतके सगळे एकदम मागे वळणं जवळजवळ अशक्य."

मी हबकलेच. मला वाटायचं, गेलेलं परतू नये असा तळापर्यंत कायदा आहे. कायदा नाहीच गं, नुसती गर्दी आहे! म्हणजे वाट पाहणारी मी वेडी नव्हते, आणि तरी कुणी येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तो सदरा धुतला, नीळ घातली आणि उन्हात वाळत टाकला.

तुझी,
ताई