बाबांची कोळंबी आणि सरांचा शेरा

आये, लंडनहून तुझ्या पाया पडते.

मी मजेत आहे, वेळेवर जेवते. पण आज डोकं फिरलंय. शिवडीच्या खाडीत कोळंबी घटली, हे बाबांचं सांगणं मी निबंधात घातलं. सरांनी शेरा मारला, ‘ॲनेक्डोटल’. कोशात पाहिलं: ऐकीव, पुरावा न मानण्याजोगं. रोज जाळं ओढणाऱ्याचं बोलणं ऐकीव?

आणि आपल्याकडे जवळा खाऊन गेलेल्या त्या गोऱ्या पाहुण्याने बाबांचं तेच बोलणं पुस्तकात छापलं, तर सर त्याला पुरावा म्हणतात! उद्या भांडणारच आहे मी.

बाबा अजून होडी काढतात ना? तुझी मासळीची पाटी भरते का? खरं लिही. फोनवरचं तुझं ‘बरं चाललंय’ मीसुद्धा पुरावा मानत नाही.

तुझीच तापट,
चैत्राली