सुनीता माहेरी आहे तोवर

६ डिसेंबर १९९८, रविवार
डोहाळजेवण उरकलं. देवळ्याहून सासूबाई आल्यात, उद्या सुनीताला घेऊन जाणार. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यात चर्चा नाही. बाळ तीन महिन्यांचं झालं की परत. तोवर घर माझं.
सु.ची एकच मागणी. नाशिकला सिडकोच्या या घरात बाथरूम म्हणजे कोपऱ्यातली मोरी, दाराच्या जागी पडदा. "बाळाला न्हाऊ घालायला नीट जागा हवी, बस." म्हटलं, येशील तेव्हा टाइल्स, गिझर, कडीचं दार, सगळं तयार.
आणि २६ जानेवारीची सायकल शर्यत. त्र्यंबकला जाऊन परत. बाप झालेला माणूस म्हणे सायकल मारत नाही, सगळे सांगतात. बघू.

८ डिसें., मंगळ
काल दोघींना एस.टी.त बसवलं. आज कंपनीतून आल्या आल्या मोरी फोडली. जुना ओटा, अर्धी भिंत, सगळं. मजा आली, खोटं कशाला बोला. शेजारच्या पवारवहिनी दारात: "भाऊजी, भूकंप झाला का?"
आंघोळ आता मागच्या अंगणात. थंडी जबरी. एकट्या माणसाचं काय, चालतंय.

१७ डिसें., गुरु
पहिली शिफ्ट असली की संध्याकाळी सायकल, दुसरी असली की सकाळी. बाथरूम उरलेल्या वेळात. उरलेला वेळ अजून सापडला नाही.
दिलीपबरोबर अंजनेरीपर्यंत. तो कंपनीत माझ्याच टूलरूमला, शर्यतीतही जोडीला. चढावर त्याला मागे टाकलं. तो म्हणाला, "वहिनी माहेरी गेली की तुझे पाय सुटतात." चहा त्याच्याकडून वसूल केला.
मिस्त्री म्हणतो संक्रांतीनंतर येतो. घाई कुणाला आहे?

३० डिसें., बुध
देवळ्याहून पवारांकडे फोन. सु.चं बी.पी. वाढलंय, पाय सुजलेत. तिथले डॉक्टर म्हणतात, इथे ठेवू नका, नाशिकला न्या.
म्हणजे परवा येणार. मोरी फोडून ठेवलेल्या घरात.

१ जाने. १९९९, शुक्र
आल्या. सासूबाई पिशव्या ठेवून आत गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "हाई काय शे, माय!" सु. हसली नाही. पाय खरंच सुजलेत, चप्पल जात नाही.
मिस्त्रीकडे धावलो. तो उद्याच यायला तयार झाला. वाटलं, सुटलो.

२ जाने., शनि
सुटलो कसला. मिस्त्रीने पहिला घाव घातला आणि सासूबाई मध्ये उभ्या. पोटुशी बाई घरात असताना भिंतीला हत्यार लावायचं नाही. ठोकाठोकी नाही, खोदाखोदी नाही. मी म्हटलं, कंपनीत दिवसभर ठोकतो, ते चालतं? "ती कंपनी. हे घर हाय, जावई."
मिस्त्री कान खाजवत निघून गेला. दुसरं काम धरलं म्हणे.
सु. आंघोळीला पवारवहिनींकडे जाते. भिंत धरून, हळूहळू. मी बादली घेऊन मागे.

१० जाने., रवि
आज सु.ला पटवायला बसलो. तू तासभर पवारांकडे बस, तेवढ्यात मी करतो, घरात नसलीस म्हणजे झालं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, आईचं पहिलं मूल पोटातच गेलं. त्या दिवशी बाबांनी गोठ्यात खुंट्या ठोकल्या होत्या.
"योगायोग."
"मलाही माहितीये. तिच्यापुढे म्हणू नका म्हणजे झालं."
म्हटलं, नाही म्हणणार. सायकल घेऊन बाहेर पडलो आणि सातपूरच्या नाक्यावरून परत आलो. दम नव्हता.

१४ जाने., गुरु
संक्रांत. सासूबाईंनी तिळगूळ दिला, गोड बोला म्हणाल्या. बोललो.
सु. पवारांच्या उंबऱ्याला अडखळली. पडली नाही, वहिनींनी धरलं. माझ्या हातातली बादली अंगणात सांडली. कुणी शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं.

२१ जाने., गुरु
बी.पी. खाली येईना. दवाखान्यात ठेवून घेतलं. सासूबाई तिथेच. मी शिफ्ट, डबा, दवाखाना. सायकल दाराशी तशीच. दिलीप चेन साफ करून गेला, मी न सांगता.

२५ जाने., सोम
सु. म्हणाली, "अहो, उद्या शर्यतीला जा. इथे बसून माझ्याकडे टक लावून काय होणार? डॉक्टर म्हणाले, अजून वेळ आहे." सासूबाईंनी मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.
जाणार.

२६ जाने., मंगळ
दवाखान्यात, बाकावर. टाइल्सच्या पावतीमागे लिहितोय, वहीत नंतर चिकटवीन.
सकाळी जर्सी घालून निघालो. रस्त्यात पोरं झेंडे घेऊन शाळेत चाललेली. दिलीप लांबून दिसला, पाठीवर नंबर लावून उभा. तिथून वळलो. का, ते सांगणं अवघड नाही. माझे पाय ठणठणीत होते आणि तिचे आठवले.
घरी येऊन बाथरूमला लागलो. जुन्या ओट्याचा एक भाग वर राहिला होता, हातोड्याशिवाय निघेना. ती घरात नाही, म्हणजे नियम मोडत नाही, असं मोठ्याने म्हटलं. ठोकला. फरशी बसवली, उतार काढला, टाइल्स कमरेपर्यंत लावल्या. वाकड्या आहेत. पाणी मात्र बरोबर जाळीकडे जातं. ओतून पाहिलं, खूश झालो.
तेवढ्यात पवारवहिनी धावत. दवाखान्याचा फोन. तसाच निघालो, सायकलवर. एवढी जोरात आयुष्यात मारली नव्हती.
आत नेलंय. सिझर. सही केली. डॉक्टर म्हणाले, "बघू या." मीही कायम असंच म्हणतो. आज आवडलं नाही.
बाकाच्या दुसऱ्या टोकाला सासूबाई.
"शर्यत?"
"गेलो नाही."
त्यांनी ऑपरेशनच्या बंद दाराकडे पाहिलं. मग, माझ्याकडे न बघता: "घरी काही ठोकलंत का, जावई?"
"नाही."
टूलरूमचा माणूस मी. योगायोग म्हणणारा. हो म्हणायची छाती झाली नाही. घाबरलोय, दुसरा शब्द नाही.
त्यांनी माझ्या हातांकडे पाहिलं. जर्सीकडे पाहिलं. पदराने तोंड पुसलं.
"मग हात धुऊन या. बाळ घ्यायचं हाय."
धुतले. साबण लावून, दोनदा. नखांतलं सिमेंट निघत नाही. दार अजून बंद आहे.