ढम्याचा पट्टा

सूनबाई,

ढम्या सापडला! स्वयंपाकघरात टेबलाखाली घोरतोय, उठवू नकोस. मी कोपऱ्यावरच्या मोच्याकडे जाऊन येते. ढम्याच्या गळ्यात पट्टा नाही, म्हणून फाटकाला कडी राहू दे.

परवापासून तू फोन उशाशी घेऊन बसलीस. "पट्ट्यावर नंबर आहे, कुणीतरी कळवेलच," म्हणत होतीस. फोन येणार नाही, हे मला ठाऊक होतं. पट्टा माझ्या कपाटात होता. ढम्याला अंघोळ घालताना मीच काढला आणि मान काचते म्हणून परत घातला नाही. माझ्या माहेरच्या कुत्र्याला कधी पट्टा नव्हता, पण अख्खी गल्ली त्याला ओळखायची. इथे समोरच्या दारातली माणसं मलाच ओळखत नाहीत, ढम्याला कोण ओळखणार!

फाटक उघडं टाकलंस म्हणून माझा मुलगा तुला नाही नाही ते बोलला, आणि मी गप्प बसले.

आज सकाळी पट्टा आणि लशीचं कार्ड घेऊन नगरपालिकेच्या कुत्र्यांच्या शेडवर गेले. तिथला माणूस म्हणाला, "आजी, नंबर कपाटात आणि कुत्रा रस्त्यावर? उद्या आम्ही तो दुसऱ्या कुणाला देऊन टाकला असता." तेवढ्यात आतून ढम्या असा केकाटला, की कार्ड बघायचीही गरज उरली नाही.

पट्ट्याला आतून मऊ कापड शिवून आणते. भांडायचं तर आल्यावर मनसोक्त भांड. संध्याकाळी माझ्या मुलाला सगळं मीच सांगणार आहे. त्याने तुझी माफी मागितलेली मला माझ्या कानांनी ऐकायची आहे.

— आई