शिल्लक आणि एक थांबा

४ मार्च

ती. ताईस, सा. न.

तुझ्या पत्रातले टोमणे पोचले, मजकूर थोडाच होता. इकडे ऑफिसात महिनाभर एकच विषय: बसस्थानकावरच्या यंत्रावर प्रवाशाने बसचं कार्ड ठेवलं की पडद्यावर किती दाखवायचं? आजवर शिल्लक आणि मागचे पाच प्रवास दिसत. एका नर्सची तक्रार आली. तिचा दीर तिचं कार्ड यंत्रावर ठेवून ती कुठे चढली ते वाचतो आणि घरी उलटतपासणी घेतो. मी हट्टाने ठरवून घेतलं, फक्त शिल्लक दाखवायची. पहिली चाचणी तुमच्याच गावात आहे. नर्सचं ऐकल्यावर कुणी विरोधच केला नाही, म्हणून जरा धाकधूक वाटते. कसं काय चाललंय ते बघून कळव. लोभ आहे तो राहू दे.

तुझी धाकटी

२१ मार्च

चि. धाकटीस, अ. आ.

नर्सचं पटलं. आता बाबांचं ऐक. वर्षभर झालं, परत येताना त्यांना आपल्या थांब्याचं नाव आठवत नाही. मग स्थानकावर कार्ड यंत्रावर ठेवतात, आपण कुठून बसलो ते वाचतात आणि तिकडची बस धरतात. एकदा मी मागे होते म्हणून कळलं. मला कळलंय हे त्यांना ठाऊक नाही.

सोमवारी पडद्यावर नुसती शिल्लक आली. त्यांनी कार्ड उचललं, पुसलं, परत ठेवलं. मागची माणसं कुरकुरायला लागली. शेवटी ओळखीच्या कंडक्टरने बसमध्ये बसवून दिलं; त्यानेच मला सांगितलं. घरी येऊन बाबा म्हणाले, बस उशिरा आली. तेव्हापासून घराबाहेर पडलेले नाहीत. गुडघे दुखतात म्हणे.

काहीतरी कर. मी सांगितलं हे मात्र त्यांना कळता कामा नये. माया आहेच, अक्षर तेवढं मोठं काढ.

तुझी ताई

८ मे

ती. ताईस, सा. न.

बैठकीत म्हटलं, शेवटी जिथे चढलो तेवढा थांबा दाखवू या. साहेबांनी विचारलं, मग त्या नर्सचं काय? बऱ्याच वादावादीनंतर असं ठरलं: ज्याचं कार्ड त्याने स्वतः स्थानकाच्या खिडकीवर येऊन सांगितलं, तरच शिल्लकेखाली चढल्याचा थांबा दिसेल. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून नाही, मुलीच्याही नाही.

म्हणजे बाबांनाच जावं लागेल. त्यांना वेगळं पत्र टाकलंय. त्यात तुझं नाव नाही, गुडघ्यांची चौकशी नाही. नवी सोय समजावली आणि एक प्रवासी म्हणून मत विचारलं. ही अदब झाली की लबाडी, माझं मलाच ठरवता येत नाही. रागावलीस तरी पत्र पाठवत जा.

तुझी धाकटी

२० मे

चि. धाकटीस, अ. उ. आ.

प्रवासी म्हणून माझं मत विचारलंस. स्वतःचं लग्न ठरवतानाही विचारलं नव्हतंस, तेव्हा ताईने कळवलं हे उघड आहे. तिला बोलू नकोस. मागे एकदा ती स्थानकावर खांबाआड लपली होती, पिशवी बाहेर दिसत होती.

काल बसने एकटाच स्थानकावर गेलो. खिडकीवरच्या मुलीने विचारलं, थांबा कशाला हवाय? म्हटलं, हवाय. तिने पुढे विचारलं नाही, पण आधीही विचारायला नको होतं. तुमच्या नियमात तेवढं घाल.

तिथून पायी एके ठिकाणी जाऊन आलो. परतताना कार्ड ठेवलं, आपल्या थांब्याचं नाव आलं, बरोबर उतरलो. गुडघे उत्तम आहेत.

मधे कुठे गेलो होतो ते पडद्यावर येत नाही. ताई कालपासून तेच विचारतेय. तू विचारू नकोस. आशीर्वाद आहेतच.

बाबा