जर्मनीहून आलेला डबा

प्रिय भाऊ,

गाठ सुटत नव्हती. सुतळीवर लाखेचा शिक्का होता आणि चैत्राच्या उन्हात लाख मऊ होऊन धाग्यांत मुरली होती. मी विळी आणायला उठले तर बाबा म्हणाले, कापू नको, सुतळी चांगली आहे. मग तेच ओसरीवर बसले, पार्सल मांडीवर घेतलं आणि नखानं लाख खरवडू लागले. आत काय आहे ते त्यांना माहीत नव्हतं. मला होतं.

पोस्टमन नवा होता, बडनेऱ्याहून बदलून आलेला. त्याला आपल्या घरचं काही ठाऊक नाही. परदेशी तिकिटं बघून त्यानं विचारलं, "तिकडे कोनी हाय का बाई तुमचं?" भाऊ आहे, असं मी म्हटलं आणि सही केली.

कागदाच्या आत खोका, खोक्यात भुसा, भुशात पत्र्याचा डबा. तुपाच्या डब्याएवढा. झाकण कडेनं दाबून बंद केलेलं, त्यावर अक्षरं ठोकलेली. बाबांना इंग्रजी येत नाही. पण तुझ्या प्रत्येक पत्राच्या पाठीवर तुझं नाव असायचं, तेवढं ते ओळखायला शिकले होते. त्यांनी अक्षरांवरून बोट फिरवलं. मग विचारलं, हे काय आहे. मी सांगितलं.

त्यांनी डबा मांडीवरून खाली ठेवला. आपटला नाही.

"माझ्या मुलाचं सगळं झालं आहे," ते म्हणाले. "हे कोणाचं आहे, ते तू बघ."

आणि विहिरीवर आंघोळीला गेले.

म्हणून हे पत्र. तू नाहीस हे मी माघातच मानलं होतं. आता दुपारपासून दुसराच प्रश्न उभा आहे. बाबा तुला आपला म्हणतील का? त्यांनी तुला नदीवर नेलं नाही, तर कोण नेणार?

तू निघालास तेव्हा ते बडनेऱ्याला आले नाहीत. त्या दिवशी तिवशाला त्यांना एक लग्न लावायचं होतं. ते लग्न दुसऱ्या कोणीही लावलं असतं, हे तुलाही कळत होतं आणि मलाही. गाडी सुटताना तू खिडकीतून विचारलंस, बाबा रागावले आहेत का. मी नाही म्हटलं. तेव्हा मला वाटलं, मी खोटं बोलले. आता वाटतं, ते भ्यायले होते. आई गेल्यापासून घरात आपण तिघं. त्यातला एक सूतगिरणीचं काम शिकायला समुद्रापलीकडे चालला होता, आणि तोही हवेतून.

विमानात लिहिलेलं तुझं पत्र माझ्यापाशी आहे. विमान उडण्याआधी हवाईसुंदरीनं सगळ्यांना कानात घालायला कापूस दिला. बाकीच्यांनी तो कानात घातला. तू तो बोटांवर ओढून धागा बघितलास. "आखूड आहे, आपल्याकडचाच असावा," असं लिहिलंस. मी हे मोठ्यानं वाचलं तेव्हा बाबा पाठमोरे बसून दर्भ निवडत होते. त्यांची पाठ हलली. हसले असावेत.

वरून ढग कसे दिसतात ते लिहिताना तू कापसाचं नाव काढलं नाहीस, याचं मला कौतुक वाटलं. नांगरलेल्या रानात पाणी साचावं तसे, असं तू लिहिलंस. मी ते वाक्य दहावीच्या मुलींना फळ्यावर लिहून दाखवलं. कोणाचं आहे ते सांगितलं नाही.

मग तुझ्या त्या गावाची पत्रं. सूत काढायची यंत्रं. एक खोली, तिच्यात एक शेगडी, आंघोळ फक्त शनिवारी. सुक्या वाटाण्याचं वरण, ते चांगलं झालं की त्या दिवशी पत्र लांब असायचं. ट्राममध्ये माणसं शेजारी बसतात आणि बोलत नाहीत. "इथं कोणी काहून म्हणून विचारत नाही, इंदू. उशिरा आलो, काहून नाही. जेवलो नाही, काहून नाही. पहिले सहा महिने फार बरं वाटलं." त्यापुढे काय वाटलं ते तू लिहिलं नाहीस. मीही विचारलं नाही. का विचारलं नाही मी?

पौषात तार आली. आठवड्यानं कारखान्याचं इंग्रजी पत्र. न्यूमोनिया, तीन आठवडे इस्पितळात, अंत्यविधी इथेच उरकला आहे. तीन आठवडे! आणि मला तू लिहिलं होतंस, थोडा खोकला आहे.

तिकडे माणसाला पुरतात, एवढंच आम्हाला माहीत होतं. देह नाही, अस्थी नाहीत. ज्याचं काहीच हाती लागत नाही, त्याचा पळसाच्या पानांचा पुतळा करून जाळतात. बाबांनी असे पुतळे लोकांसाठी केले होते. पुरात गेलेल्या एकाचा, लढाईत हरवलेल्या एकाचा. तुझा करायला त्यांनी दुसऱ्या भिक्षुकाला बोलावलं नाही.

पोहऱ्याच्या जंगलात जाऊन त्यांनी स्वतः पानं आणली. पळस तेव्हा पानं टाकू लागला होता, धड पानं मिळेनात. तीनशे साठ लागतात. मानेला दहा, दोन्ही हातांना मिळून शंभर. अंगणात बसून ते मोजत, मांडत गेले. हातांशी आकडा चुकला. सगळं काढून पहिल्यापासून मांडलं. पुन्हा हातांशीच चुकला. तिसऱ्या खेपेला जमलं, मग लोकरीच्या दोऱ्यानं बांधलं, जवाचं पीठ लावलं. मी दारातून बघत होते. तुझी उंची त्यांनी बरोबर धरली होती. चार वर्षांत त्यांनी तुला बघितलं नव्हतं.

स्मशानात मी नव्हते. ते परत आले तेव्हा त्यांच्या बोटांना पीठ तसंच होतं.

आता माझी गोष्ट. ती तुला दुसरं कोणी सांगणार नाही.

पुतळ्याच्या आठवडाभर आधी माझ्या नावावर एक पत्र आलं. जर्मन भाषा, जांभळी शाई, बाईचं अक्षर. मला त्यातला एक शब्द वाचता येत नव्हता आणि तरी सगळं कळलं असं वाटलं. तू तिथं लग्न केलंस. किंवा केलं नाहीस, आणि तरी ती आहे. बाबांना आत्ता हे कळायला नको, असं ठरवून मी ते पत्र शाळेच्या वह्यांच्या पेटीत तळाशी ठेवलं. तुझी अब्रू राखली, असं मला वाटलं. भाऊ, किती सहज मी तुझ्याविषयी हे धरून चालले! नाही म्हणायला तू नव्हतास, म्हणून?

होळीच्या सुट्टीत मी अकोल्याला गेले. तिथल्या कॉलेजात रसायनाचे एक प्राध्यापक आहेत, त्यांना जर्मन येतं. एका मैत्रिणीच्या भावाविषयीचं पत्र आहे, असं मी सांगितलं. ते एकेक वाक्य मराठीत सांगत गेले, मी उतरवून घेत गेले. अर्ध्यावर त्यांनी चष्मा काढला आणि आतून पाणी मागवलं. माझ्यासाठी.

ती तुझी घरमालकीण होती. पासष्ट वर्षांची. तुझ्या सांगण्यावरून तुला पुरलं नाही, जाळलं. राख तिथल्या कचेरीत ठेवली आहे, कोणाच्या नावे पाठवू, असं तिनं विचारलं होतं. तुमचं उत्तर आलं नाही तर माझ्या नवऱ्याच्या थडग्याशेजारी जागा आहे, असंही लिहिलं होतं. पत्र माघात आलं. मी फाल्गुनात वाचलं.

अकोल्याच्या पोस्टातूनच मी तिला इंग्रजीत लिहिलं, पाठवा. पत्ता घरचा दिला. दुसरा कुठला देणार होते? परतीच्या गाडीत रुळांच्या दोन्ही बाजूंना पळस फुलला होता, झाडावर पान नव्हतं. मी खिडकी लावून घेतली. पत्र आलं त्याच आठवड्यात अकोल्याला गेले असते, तर त्यांना ती पानं मोजावी लागली नसती.

तू विमानानं गेलास आणि विमानानंच आलास. जाताना तुला खिडकीजवळची जागा मिळाली होती.

अस्थी घरात घेत नाहीत, तेवढं मला कळतं. त्याच सुतळीनं डबा अंगणातल्या कडुलिंबाला बांधला. बाबा संध्या करून उठले तेव्हा मी कागद घेऊन समोर बसले आणि सगळं सांगितलं. पेटीतलंही. वाटलं, आवाज चढेल. चढला नाही.

"काहून लपवलं?"

मी खरं कारण सांगितलं. त्यांनी माझ्या हातातल्या कागदाकडे बघितलं. मग म्हणाले, वाच.

मी वाचलं. दर रविवारी ती इस्पितळात यायची. तुला श्वास पुरत नव्हता, म्हणून तू थोडं थोडं बोलायचास. शेवटच्या रविवारी तू तिला जे सांगितलंस, ते तिनं तुझ्याच शब्दांत लिहिलं होतं. "मला पुरू नका. जाळा, आणि उरेल ते घरी पाठवा. माझे वडील भिक्षुक आहेत. पुढचं त्यांना माहीत आहे."

"पुन्हा वाच," बाबा म्हणाले.

मी पुन्हा वाचलं. त्यांनी विचारलं, ही बाई एकटीच होती का शेवटी. मी म्हटलं, तसं दिसतं. ते उठून आत गेले. पोथ्यांच्या कपाटाचं दार वाजलं. अजून तिथेच आहेत, जेवायला आले नाहीत. पोथीत काय शोधत असतील? वाट, की नकार?

भाऊ, हे वाक्य तू आम्हाला का लिहिलं नाहीस? एक कार्ड पुरलं असतं. जो बाप तुला गाडीवर पोचवायला आला नाही, त्याच्यावर तू एवढा विसंबून राहिलास आणि ते त्यालाच कळवलं नाहीस. तुझ्यावर रागवावं की नाही, मला ठरवता येत नाही.

पण एक ठरवलं आहे. उद्या बाबा निघाले नाहीत, तर मी निघेन. सकाळी तिवशाची मोटार आहे, तिथून कौंडण्यपूर. वर्धेला अजून पाणी आहे. बाईनं हे करायचं नसतं, असं मी आजवर ऐकत आले. मी करीन. लहानपणी बाबा तुला मंत्र शिकवायचे, तू चुकायचास आणि मी भिंतीआड बरोबर म्हणायची. ते मला अजून येतात. तुला मी आणखी वाट बघायला लावणार नाही.

तुझी,
इंदू

दुसऱ्या दिवशी सकाळी.

उठले तेव्हा कडुलिंबाखाली न्हावी बसला होता. बाबांचं डोकं अर्धं झालं होतं. डबा खाली उतरवून त्यांनी उजव्या हाताशी ठेवला होता. माझी चाहूल लागल्यावर मान न हलवता म्हणाले, "तीन दिवस सुतक आहे. शाळेत चिठ्ठी पाठव."