तेल नाही म्हणून पेढे

मंगळवार, संध्याकाळ. कंपनीची बस हिंजवडीतच अडकलीय.

जिंकले! त्या तेलविहिरीत पाणीच निघालं.

विहिरीत सोडलेल्या यंत्राच्या आलेखात एक उंचवटा होता. तिथल्या खडकातून वीज नीट जात नव्हती. देशमुख सर म्हणाले, तेल. मी एकटीच अडून बसले, कारण गोड्या पाण्यानेही असाच उंचवटा येतो. महिनाभर सगळे मला ‘पाणीवाल्या बाई’ म्हणत होते. आज चाचणीचा निकाल आला आणि मी सरळ पेढेच आणले.

सर म्हणाले, "अहो जोशीबाई, क्लायंटच्या घरी सुतक, आणि तुम्ही पेढे वाटताय?" खाल्ले मात्र दोन. मला लाज वाटायला हवी होती का? वाटली, थोडीशी.

निघताना त्यांनी दुसऱ्या विहिरीचा आलेख पुढ्यात ठेवला. पुन्हा तोच उंचवटा! या वेळी सगळं ऑफिस एका सुरात म्हणालं, "गोडं पाणी." माझ्याच धाकाने! पण त्याच थरात जरा खाली खारं पाणी आहे, आणि एका सलग थरातलं पाणी सहसा एकाच चवीचं असतं. मग वर गोडं कुठून येणार? तेलच असणार ते. म्हणजे उद्या परत मी एकटी, आणि समोर अख्खं ऑफिस.

उरलेले पेढे घरी नेत नाहीये. ड्रॉवरमध्ये ठेवून आलेय.