सव्वादहाची बस

१ जानेवारी, बुधवार. सकाळी ६.४०
नवी डायरी. खताच्या दुकानदाराने दिली, दर पानावर युरियाचं पोतं छापलंय. चालेल. या वर्षी आदर्श अधिकारी पुरस्कार घ्यायचाच. महिन्याभरात बोरखळी गावाचा पंचवार्षिक विकास आराखडा पूर्ण करायचा, मुख्य थीम दळणवळण. आम्हा ग्रामसेवकांचं पद आता ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालंय. गाव अजून भाऊसाहेबच म्हणतं, तेही बदलायचं. लीला म्हणाली, आधी गीझर बदला.

३ जानेवारी
फाट्यावरचा बस निवारा पूर्ण. फोटो अपलोड केला, पोर्टलने परत पाठवला. शेरा: निवारा वापरात दिसत नाही. दिसेल कसा, फाट्यावर बसच नाही. पण मी हरणारा माणूस नाही. पेंटर बोलावून भिंतीवर ठळक लिहून घेतलं: सोनपेठ, सकाळी १०.१५. वेळ मीच ठरवली. नवा फोटो पाच मिनिटांत मंजूर. आता फक्त बस मंजूर व्हायची राहिली.

७ जानेवारी, मंगळवार
ऑफिसला जाताना निवाऱ्यात एक बाई दिसली. कोपऱ्यात, हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, मांडीवर पिशवी. अगदी धुरपताबाईंसारखी. धुरपताबाईंना जाऊन पावणेदोन वर्षं झाली. मी विज्ञानवादी आहे. सकाळी नाश्ता केला नव्हता, त्याचाच परिणाम. उद्यापासून नाश्ता.

८ जानेवारी
नाश्ता केला. पोहे, दोन प्लेट. बाई होतीच.

९ जानेवारी
कालव्याच्या रस्त्याने गेलो. चार किलोमीटर जास्त पडतात, पण आराखड्यासाठी पाहणी आवश्यक होती. कालवा पाझरतो. चिखलात गाडीसकट आडवा झालो. निष्कर्ष: रस्ता खराब आहे.

१३ जानेवारी
ग्रामसभेची तयारी. कोरम भरत नाही म्हणून मागच्या हजेरीवरून नावं उतरवतो. सगळेच उतरवतात. शिपाई मुंजाजी रजिस्टर चाळता चाळता म्हणाला, भाऊसाहेब, धुरपतामावशी मेल्यापासून लय रेग्युलर झाली. एक सभा चुकली न्हाई. बस निवाऱ्याच्या ठरावाला सूचक पण तीच हाय. मी म्हणालो, लिपिकाची चूक. आमच्याकडे लिपिक नाही, मीच लिहितो.
दुपारी ऑफिसात एकटा थांबलो नाही. पारावर बसलो. जनसंपर्क.

१६ जानेवारी
कपाटात नकाशा शोधताना धुरपताबाईंचा अर्ज सापडला. फाट्यावरून बस सुरू करावी, शुगरच्या दवाखान्याला चालत जाणे होत नाही. खाली अंगठा. आवकचा शिक्का आहे, जावकचा नाही. दर सोमवारी यायच्या, दारातूनच विचारायच्या, काय झालं माझ्या बसचं. मी सांगायचो, प्रस्ताव पाठवलाय. पाठवणारच होतो. कव्हरिंग लेटर तेवढं राहिलं.
अंगठ्याची शाई ओली वाटली. बोट फिरवून पाहिलं. वाळलेली आहे. तरी हात दोनदा धुतले.

१८ जानेवारी, शनिवार
एकदाचं लिहून टाकतो, म्हणजे डोकं साफ होईल. मे महिना होता. धुरपताबाई फाट्यावर बाभळीखाली बसल्या होत्या, सोबत आणखी कुणीतरी बाई होती. हात केला का, ते आठवत नाही. मी तालुक्याला ग्रामीण दळणवळणाच्या मीटिंगला निघालो होतो, उशीर झाला होता, मागच्या सीटवर मीटिंगचं बॅनर बांधलेलं. थांबलो नाही. दुपारी त्या तिथेच गेल्या. ऊन फार होतं. ऊन माझ्या अखत्यारीत येत नाही.
डोकं साफ झालेलं नाही.

२१ जानेवारी
पोखर्णीला जाऊन आलो. प्रवासी सुविधांचा अभ्यास. नरसिंहाचा अंगारा घेतला, समोरून दिल्यावर नको कसं म्हणायचं. थोडा गाडीच्या हँडलला लावला, उरलेला पुडीत बांधून शर्टाच्या खिशात. लीला विचारत होती, हल्ली झोपेत थांबतो, थांबतो असं कुणाला सांगता. मी म्हणालो, आराखड्याचं टेन्शन.

२६ जानेवारी, रविवार
ग्रामसभा. प्रत्यक्ष अकरा माणसं. आराखडा वाचला, टाळ्या पडल्या, मुंजाजीच्या जास्त. रजिस्टरवर शंभर. धुरपताबाईंना गाळलं तर नव्याण्णव राहतात, कोरमला एक कमी. एकदा खोडलं, मग परत लिहिलं. धुरपताबाई हजर.

२८ जानेवारी, मंगळवार. दुपारी
सकाळी अर्ज घडी करून खिशात घातला. आज कव्हरिंग लेटरसह डेपोत नेऊन द्यायचाच, असं ठरवून निघालो. दहा वाजून दहा मिनिटांनी फाट्यावर. बाई होती. गाडी थांबवली. खिशातली अंगाऱ्याची पुडी चाचपली, अर्ज आहे का ते बघायला.
बाईने पदर मागे घेतला. सुलाबाई निघाल्या, धुरपताबाईंची धाकटी जाऊ. माझी नजर लुगड्यावर गेलेली बघून म्हणाल्या, तिचंच हाय, पेटीत पडून काय करायचं. एका डोळ्याचं दिसणं गेलंय, दुसराही जायलाय, तालुक्याच्या दवाखान्यात दाखवायचंय. मास्तरांनी भिंतीवरचं वाचून सांगितलं तेव्हापासून रोज येतात. ऊन चढेपर्यंत बसतात आणि घरी जातात.
मी म्हणालो, गाडीवर बसा, सोडतो. नको म्हणाल्या, तुमाला उशीर होईल. मी म्हणालो, आज उशीर नाही. त्यावर त्या सहज बोलल्यासारखं बोलल्या. म्हणाल्या, त्या दिशी बी म्या तुमाला हात करायले होते. धुरपतानंच माझा हात धरला. म्हनली, राहू दे गं, भाऊसाहेबाला उशीर व्हायलाय, आपल्याच बसच्या कामाला चाललेत ते.
त्यांच्या शेजारी बसलो. सव्वादहा झाले. साडेदहा झाले. भिंतीवरचं अक्षर जवळून फार सुबक दिसतं. सुलाबाईंनी विचारलं, कवा येईल हो बस.
माझ्या तोंडून निघालं, प्रस्ताव पाठवलाय. अर्ज खिशातच होता, अंगाऱ्याच्या पुडीशेजारी.
मंग येईलच, असं म्हणून त्या जराशा सरकल्या आणि मला सावलीत जागा करून दिली.